रुमालाखालची मुलाखत

बारावीला इंग्रजीत नापास झाल्यावर मी दोन वर्षं झोपून काढली. झोपून म्हणजे अगदी खरोखर, सकाळी अकरापर्यंत, बाजेवर, तोंडावर आईचं जुनं लुगडं ओढून. माशा बसू नयेत म्हणून लुगडं घेते, असं मी सांगायचे. खरं तर उजेड दिसू नये म्हणून घ्यायचे. आमचं न्हावऱ्याचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. अकरा वाजले की पत्राच असा तापायचा की माणसाला उठण्यावाचून गत्यंतर नसे. त्याआधी मला उठवायची धमक फक्त आईत होती, आणि ती दिवस उगवायलाच कुणाच्या तरी कांद्याच्या वावरात खुरपायला गेलेली असायची. जाताना चुलीपाशी दोन भाकरी, ठेचा आणि मला उद्देशून चार शब्द ठेवून जायची. भाकरी मी खायचे. शब्द तिथंच राहायचे, संध्याकाळी ती आली की पुन्हा गरम करून वाढायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, हेडी होते. बैलबाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवून देणारा तो हेडी. त्या बाजाराची एक रीत होती, भाव तोंडाने बोलायचा नाही. हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी दोघांचं दोघांत राहतं. माझ्या लहानपणी आप्पांना आठवड्याला चार बाजार असायचे आणि घरात येताना ते शेवेचा पुडा आणायचे. मग ट्रॅक्टर वाढले. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या मोठ्याने टेप लावून आमच्या दारावरून जायच्या. गाणं कितीही चांगलं असलं तरी आप्पा तोंड फिरवून बसायचे आणि म्हणायचे, "गेली बघ चार बैलं." चाराचे दोन बाजार झाले, दोनाचा एक. तरी रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, खांद्यावर रुमाल टाकून ते बाहेर पडायचे आणि दुपारी परत यायचे. कुठं जातात हे आम्ही कधी विचारलं नाही. मी झोपलेली असायचे आणि आईला विचारायचं धाडस नसावं.

अशात एका सोमवारी शिंदे मॅडम शिरूरहून स्कूटीवर आल्या. तिशीच्या असतील. आवाज बारीक, राग म्हणून कधी यायचा नाही, त्यामुळे बाई जरा साधी असावी असं मला वाटलं. आयुष्यात माणसं ओळखण्यात मी इतकी मोठी चूक पुन्हा केली नाही. शिक्षण सुटलेल्या आणि काम नसलेल्या पोरापोरींना गोळा करायचं, महिनाभर शिकवायचं आणि रांजणगावच्या कंपन्यांत लावून द्यायचं, हे त्यांचं काम. हातात एक जाडजूड वही. त्या घरोघर जाऊन विचारत होत्या, घरात कोणी रिकामं आहे का?

आता असला प्रश्न गावात विचारतं का कुणी? पोराचं नाव बेकार म्हणून वहीत चढलं की पुढची पाच वर्षं सोयरीक दारात येत नाही. त्यामुळे त्या दिवशी न्हावऱ्यात एकही माणूस रिकामा निघाला नाही. कुणाचा पोरगा शेती बघत होता, कुणाचा भरतीची तयारी करत होता, एकाचा तर पुण्याला कोर्स चालू होता आणि तो त्याच वेळी मागच्या अंगणात गोट्या खेळत होता. आई त्या दिवशी घरी होती. ती म्हणाली, "आमची रंजी? तिला सवडच न्हाई वो मॅडम. कामानं पाक पिचून गेलीय." मी तेव्हा त्यांच्यापासून चार हातांवर, लुगड्याखाली पिचलेली पडले होते.

तरी आईने त्यांना चहाला बसवलं. वहीची पानं कोरी, बाईचा चेहरा उतरलेला. मला दया आली म्हणा किंवा माझी झोप मोडल्याचा सूड उगवावासा वाटला म्हणा, मी लुगड्यातून तोंड काढून म्हटलं, "मॅडम, घरात कोण रिकामं हाय ते नका इचारू. शेजारी कोण रिकामं हाय ते इचारा." आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही तर आमची पिढीजात विद्या. मॅडमनी कप खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. तासाभरात वही भरली. सदतीस नावं मिळाली, त्यातली बरीचशी दोन-दोनदा. माझं पाच घरांनी सांगितलं होतं. आता मी स्वतः हेच काम करते, डोळ्यांना चष्मा लागला, गुडघे कुरकुरतात, पोरांची नावं वहीऐवजी मोबाईलवर भरते. पण गावात शिरल्यावर पहिला प्रश्न अजून शेजाऱ्याबद्दलच विचारते.

सदतिसातले अकरा जण आले. वर्ग आमच्या वस्तीतल्या विहारात भरायचा, कारण सकाळी मोकळी असलेली पक्की जागा तेवढीच. आम्ही सहा जण वस्तीतले, पाच जण गावठाणातले, बागायतदारांच्या घरचे. ती पाच जणं पहिले दोन दिवस पायरीवर उभी राहूनच शिकली. तिसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि पंखा आत होता, म्हणून आत आली. नंतर त्यांना बाहेर काढायची पंचाईत व्हायची. वस्तीतल्यांत माझ्या शेजारचा संजा होता. संजा तीन वर्षं पोलीस भरतीसाठी धावत होता. रोज सकाळी फाट्यावरच्या हॉटेलापर्यंत धावायचा, तिथं दोन वडापाव खायचा आणि चालत परत यायचा. त्यामुळे त्याचं वजन दर भरतीला थोडं वाढलेलं असायचं.

मॅडम जीव तोडून शिकवत होत्या. साहेबांसमोर कसं जायचं, हात कसा मिळवायचा, स्वतःबद्दल काय सांगायचं. आणि आम्ही अकरा जण जमिनीकडे बघत बसायचो. "संजय, तुझा एक चांगला गुण सांग," म्हटलं की संजा घामाघूम व्हायचा. त्याला गुण नव्हते असं नाही, पण आजवर कुणी विचारलेच नव्हते. आठवडाभर हे असंच चाललं. एक दिवस बघते तर दारात आप्पा उभे. बाहेरून येताना थांबले असावेत. बराच वेळ बघून ते म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. तुमी पोरं बाजारात हुबी केली खरी, पण खाली मान घातलेलं जनावर कोण घेत न्हाई."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी मात्र खडू टेबलावर ठेवला. "मग तुम्ही शिकवा, आप्पा," त्या म्हणाल्या. थट्टा करतायत असं वाटून आप्पा निघाले, तर त्यांनी खुर्चीच पुढे सरकवली. "पण आप्पा, एक सांगते. माणसं विकायला नाही काढलीत मी."

"ते मलाबी ठावं हाय," आप्पा म्हणाले. "बैलाला कोन इचारतंय, तुला कुठं जायचंय? ह्यास्नी इचारणार हायती. म्हणून तर शिकवायला पायजे."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा धुतलेली टोपी घालून वर्गाला येऊ लागले. त्यांनी आम्हाला विहाराच्या अंगणात एकेकाला चालवलं, वळवलं, पुन्हा चालवलं. पाय घासायचा नाही, गिऱ्हाईक आधी पाय बघतं. गरज डोळ्यांत दिसू द्यायची नाही. दिसली की भाव पडला. आणि सगळ्यांत मोठी विद्या शेवटी सांगितली. "आपली एक खोड आपणच सांगायची. मंग गिऱ्हाईकाला वाटतं, ह्यो खरं बोलतोय, बाकीच्या खोडी त्यो हुडकीत न्हाई. पण खोड अशी सांगायची का त्याचं काय नुकसान व्हनार न्हाई." मॅडमनी उदाहरण विचारलं. आप्पांनी क्षणभर विचार केला. "आता, म्हंजी, मला भूक लौकर लागती. हे सांगा की. कुणाचं काय जातंय?" आणि भाव कसा सांगायचा हे संजाने विचारल्यावर आप्पा गंभीर झाले. "तोंडानं कवाच न्हाई," एवढंच म्हणाले. मॅडम मागच्या बाकावर बसून सगळं लिहून घेत होत्या. दोन आठवड्यांत अकराच्या अकरा माना वर झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच सुमारास आईने पाटसकडचं एक स्थळ आणलं. मुलगा वाईट नव्हता, दोन एकर पाण्याखालची जमीन, चार गाई, दुधाचा धंदा. त्यांची अट एकच, मुलीने नोकरीबिकरी करायची नाही. मला कंपनीत जायचं होतं. का जायचं होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं. पण त्या दोन आठवड्यांत मी रोज सकाळी आठला आपणहून उठत होते आणि मला ते आवडायला लागलं होतं. शेवटी आईने निकाल दिला. "कंपनीनं घेतली तर बघू. न्हाई घेतली तर पाटस. मंग एक शबूद ऐकायची न्हाई मी." मुलाखत सोमवारी ठरली होती, पाहुणे आदल्या शुक्रवारीच आले.

पोहे झाले, मी डोक्यावर पदर घेऊन बसले, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलाचे मामा जरा बोलके होते. त्यांनी आप्पांना विचारलं, "आप्पा, पोरीबद्दल तुमीच सांगा की कायतरी."

आप्पांनी रुमाल सारखा केला. "पोरगी गुणाची हाय," ते म्हणाले. "आता खोटं कशाला बोलू, एक खोड हाय. सकाळी उठायला तेवढा येळ लावती."

मामा हसले. सगळेच हसले. इथं आप्पांनी थांबायला हवं होतं, हे त्यांच्या वर्गातल्या कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. पण आप्पा पुढे बोलत राहिले. अकराला उठते म्हणाले. भाकरी एका अंगानं करपवते म्हणाले. इंग्रजीत नापास आहे, उलट बोलते, गाईच्या शेणाला हात लावत नाही, आणि एकदा नाही म्हटली की दोरखंड लावून ओढली तरी हलत नाही. प्रत्येक खोड ते शांतपणे, अगदी प्रामाणिक चेहऱ्याने सांगत होते. मामांच्या बशीतले पोहे निवले. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले ते आजतागायत कळवतायत.

आईने आप्पांशी बोलणंच बंद केलं. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "तुज्या बापाला म्हणावं, पाणी तापलंय." आप्पा शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिले की तोंडातनं निघून गेलं, सवयीनं. मी त्यांना बाजारात पाहिलेलं होतं. ज्यांच्या तोंडातून सवयीने काही निघून जातं त्यांतले ते नव्हते, हे मी आज ठामपणे लिहिते. पण त्यांच्या त्या उपकारामुळे माझी भलतीच कोंडी झाली. माझ्या खोडींची यादी शनिवारच्या बाजारापर्यंत पाच गावांत पोचली होती. पाटस गेलंच, पाटसबरोबर बाकीचीही स्थळं गेली. आता कंपनीनेही नको म्हटलं तर मी जन्मभर त्या बाजेवर पत्रा तापायची वाट बघत पडणार, हे आई रोज येता-जाता भिंतीला सांगत होती.

सोमवारी मॅडमनी आम्हाला रांजणगावला नेलं. गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी होती. बाहेरच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण, प्रत्येकाच्या हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, आणि मधे काचेचं दार. त्यातून आतलं दिसायचं, ऐकूही बऱ्यापैकी यायचं. आत एक साहेब, पांढरा शर्ट, पन्नाशीचे, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. पहिला पोरगा आत गेला. ताठ मानेने, पाय न घासता. साहेबांनी त्याला विचारलं, तुझ्यात काय कमी आहे असं तुला वाटतं? "सर, मला भूक लौकर लागती." साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं. दुसरा गेला. त्यालाही भूक लवकर लागत होती. तिसऱ्यालाही. मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. आप्पांनी नमुना म्हणून दिलेली खोड सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली होती, स्वतःची शोधायचे कष्ट कोण घेतो? पाचव्या पोरानंतर साहेबांनी शिपायाला बोलावून हॉलमध्ये बिस्किटं पाठवली.

मग संजा गेला. त्याचं सगळं बरं चाललं होतं, भुकेसकट. शेवटी साहेब म्हणाले, "पगाराची काय अपेक्षा आहे?" संजाने इकडे-तिकडे पाहिलं. मग त्याने खिशातून रुमाल काढला, उजव्या हातावर पसरला आणि हात टेबलावरून साहेबांच्या पुढे केला. मॅडमच्या तोंडून बारीक आवाज आला. साहेब त्या रुमालाकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता आम्हा सगळ्यांना हाकलणार. साहेबांनी दाराकडे एकदा नजर टाकली, खुर्ची पुढे ओढली आणि रुमालाखाली हात घातला. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत तसेच बसले होते. मग साहेबांनी हात काढला आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते मूळचे राहू गावचे होते. वडिलांबरोबर लहानपणी बैल विकायला बाजारात जायचे. संजा बाहेर आल्यावर आम्ही त्याला गाठलं, काय ठरलं? "मला काय कळतंय?" संजा म्हणाला. "बोटांचा हिशेब आप्पांनी शिकवलाच न्हाई. त्यांनी दाबलं, मी व्हय म्हनलं."

माझा नंबर शेवटचा. मी खुर्चीवर बसले तेव्हा साहेबांचं हसू ओसरलं होतं. "भूक?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर," मी म्हटलं. शुक्रवारपासून माझ्या डोक्यात आप्पांची ती यादी घुमत होती, त्यातली पहिलीच निसटून आली. "मी दोन वर्षं रोज अकराला उठत व्हते."

नुकसान होईल अशी खोड सांगायची नाही, एवढंही मला जमलं नव्हतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आमची पहिली शिफ्ट सहाची आहे. बस तुमच्या फाट्यावर साडेपाचला येते. कशी उठणार?"

मला राग आला. साहेबांचा नाही, त्या दोन वर्षांचा, पत्र्याचा, पाच घरांनी सांगितलेल्या माझ्या नावाचा. मी म्हटलं, "सर, उठून करायचं काय व्हतं?"

साहेबांनी पेन उचलून दोन ओळी लिहिल्या. मी रुमालही काढला नाही, भावाचं तर त्यांनी विचारलंच नाही. बाहेर आले तेव्हा मॅडमनी मला दोन बिस्किटं दिली.

आठवड्याने मॅडमनी विहाराच्या पायरीवर उभं राहून नावं वाचली. अकरातली नऊ. संजाचं चौथं होतं. आठ नावं झाली तरी माझं आलं नव्हतं, आणि आई, जी कुणाच्या तरी वावरातून हातात खुरपं घेऊन तशीच आली होती, ती खाली बसली. नववं माझं होतं. मी रडले. त्या संध्याकाळी आईने शेंगोळी केली, लसणाचा वास गल्लीभर गेला, आणि पहिली वाटी तिने स्वतःच्या हाताने आप्पांपुढे ठेवली. "खा. लई हुशार हाय तुमी," असं ती दहा दिवसांनंतर प्रथमच थेट त्यांना म्हणाली.

पहिल्या दिवशी फाट्यावर उजाडायच्या आधीच गर्दी होती. नऊ जण, त्यांना सोडायला आलेले आई-बाप, दुधाच्या किटल्या लावलेल्या दोन मोटारसायकली थांबून बघत होत्या. मॅडम शिरूरहून खास आल्या होत्या आणि वही उघडून बसमध्ये चढणाऱ्या एकेकाच्या नावापुढे खूण करत होत्या. मी चढले, खिडकी धरली. आप्पा खाली मॅडमशेजारी उभे होते, नवी टोपी, पांढरा सदरा, आईने तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केलेली. सगळ्यांच्या खुणा झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या ह्या वहीला वयाची अट किती असती?"

"अठ्ठावीस, आप्पा," मॅडम वही मिटत म्हणाल्या. "का हो?"

आप्पांनी, बाजारात बैलाचं वय बघताना धरतात तसा, खालचा ओठ बोटाने ओढून धरला आणि त्यांना दात दाखवले. "मंग दात बघून लिवा."

मॅडम हसल्या. बसमधली पोरं हसली, संजा तर बाकावरून घसरला. मीही हसले. आप्पाही सगळ्यांबरोबर हसले, आणि हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून अर्धी बाहेर काढलेली वस्तू पुन्हा आत सरकवली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आम्ही अकरा जणांनी घेतली होती तसलीच प्लास्टिकची पिशवी होती ती, आणि आत घडी घातलेला एक पिवळा कागद, त्यांचा चौथीचा दाखला. बस बरीच पुढे गेली तरी ते तिथंच उभे होते. तोवर मी समजत होते, ते मला सोडायला आलेत.